परिशिष्टातली चौथी ओळ

माझ्या घरावरचा जुना सोलर काढायला रविवारी सकाळी कोण यावं? माझा सख्खा भाऊ! खांद्यावर दोरीचं भेंडोळं, हातात पान्यांची पेटी आणि अंगात निळा शर्ट, खिशावर काचेच्या नळ्यांचे सोलर बनवणाऱ्या कंपनीचं नाव शिवलेला.

"काय गं चिमे, दारातच उभा करणार का मला?" दादा हसत म्हणाला.

मी बाजूला झाले. फॉर्म आमच्या ह्यांनी भरला होता, मला न विचारता. "अगं, सगळी गल्ली घेतेय. अनुदान आहे. आपणच काय कोणाचं घोडं मारलंय?" असं वर मलाच ऐकवलं होतं. फिटर कंपनी पाठवते, आणि ह्या भागाचा फिटर दादा आहे हे मला माहीत होतं. पण एवढी घरं सोडून तो नेमका आमच्याच दारात येईल, असं वाटलं नव्हतं. किंवा वाटलं होतं आणि मी तो विचार झटकून टाकला होता. अशा झटकाझटकीत मी आता तरबेज झालेय.

मी सरकारच्या ऊर्जा खात्यात मसुदे लिहिते. वरच्यांनी ठरवायचं आणि मी ते कलमांत बसवायचं. चार वर्षांपूर्वी वरून ठरलं की हवेतला धूर कमी करायचा, तर लोकांनी आंघोळीचं पाणी उन्हावर तापवलं पाहिजे. पाच वर्षांत तीन घरांमागे एका घरावर सोलर. जो बसवेल त्याच्या खर्चाचा तिसरा हिस्सा सरकार देणार. आता ऊन काय, आधीही फुकटच होतं की! पण लोक उन्हाकडे बघून छतावर काही बसवत नाहीत, परिपत्रकाकडे बघून बसवतात. परिपत्रकात जे लिहिलं ते हातोहात खपतं. जे लिहायचं राहिलं ते दुकानात धूळ खातं, मग ते कितीही चांगलं असो. दुसऱ्या कोणाला नसेल, पण मला हे पक्कं ठाऊक होतं.

आणि दादाचा तेव्हा सोलरचाच कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांब पत्र्याची शेड आणि दादा धरून अकरा माणसं. तांब्याचा पत्रा घ्यायचा, त्यावर तांब्याच्या नळ्या डाख लावून बसवायच्या, काळा रंग द्यायचा आणि वर काच, की झालं पॅनेल. प्रत्येक जोडावरून दादा अंगठ्याचं नख फिरवायचा. नख अडलं की जोड पुन्हा करायचा. गिऱ्हाईक घाईत असलं तरी करायचा.

आमच्या खात्यात कोरा कागद घेऊन कोणी लिहायला बसत नाही. जुनी फाईल काढायची, तारखा बदलायच्या, नावं बदलायची, की झाला नवा मसुदा. मी वसतिगृहांसाठी झालेल्या एका जुन्या खरेदीची फाईल काढली. तिच्या परिशिष्टातला तक्ता छान सुटसुटीत होता, तो जसाच्या तसा उचलला. त्यातली चौथी ओळ होती : 'उष्णता गोळा करणारा भाग – काचेच्या निर्वात नळ्या.' त्या एका खरेदीपुरती ती ओळ बरोबर होती. पण आता तीच ओळ सगळ्यांसाठी नियम होणार होती, आणि माझ्या ते लक्षातच आलं नाही. माझ्यावरच्या तिघांनी सह्या केल्या. त्यांच्याही लक्षात आलं नाही.

मसुदा हरकतींसाठी तीस दिवस खुला ठेवला. सोळाव्या दिवशी मी स्वल्पविराम तपासत बसले होते आणि चौथ्या ओळीवर नजर गेली. 'किंवा तांब्याचे पॅनेल', एवढे तीन शब्द घालायचे होते. एक अर्ध्या पानाची टिपणी, की माझ्याकडून चूक झाली, दुरुस्ती व्हावी. बस्स.

पण काम सुरू करतानाच आमच्या उपसचिव बाईंनी सगळ्यांना समोर बसवून विचारलं होतं, "कोणाचा नातेवाईक ह्या धंद्यात असेल तर आत्ताच सांगा." मी हात वर केला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं काम हातात आलं होतं, ते काढून घेतील ही भीती. आता दुरुस्ती सुचवली असती तर कोणीतरी विचारलं असतं, हिला तांब्याचा एवढा कळवळा कशाला? मग भाऊ निघाला असता, आणि न वर केलेला हातही निघाला असता. मी मूग गिळून बसले. स्वतःला समजावलं की कोणीतरी हरकत घेईलच.

तिसऱ्या आठवड्यात दादाचाच फोन आला. "चिमे, तो मसुदा निघालाय म्हणे. मी वाचायला हवा का गं?"

"अरे, कागदी कामं आहेत ती," मी म्हणाले. "तू कशाला डोकं शिणवतोस?"

"बरं बाई. तू आहेस ना तिथं, मग झालं."

हे मी केलं. चूक कोणाकडूनही होते, पण हे वाक्य चुकून निघालं नव्हतं.

पुढचं सगळं बाजारानं केलं. दादाच्या शेडमध्ये लोक येत, पॅनेल हाताळून बघत आणि विचारत, "ह्याला अनुदान आहे?" नाही म्हटलं की चपला घालत. नळ्यांचे विक्रेते मात्र गल्लोगल्ली उगवले. चौदा महिन्यांत शेड बंद झाली. माणसं पांगली. दादानं नळ्या मुरडायचा साचा, जो त्यानं स्वतः दोन वर्षं खपून घडवला होता, तोही मोडीत काढला. आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी तो दुसऱ्यांच्या नळ्या बसवायला लागला. मला एका शब्दानं बोलला नाही. मी त्याच्यासमोर जायचंच टाळायला लागले.

"चल, वर चल," दादा म्हणाला. "पाण्याचा मुख्य कॉक कुठंय ते दाखव."

छतावर त्याचाच सोलर होता. अठरा वर्षांपूर्वी, माझं घर झालं तेव्हा त्यानं आणून बसवलेला. नियमाप्रमाणे तो आधी उतरवायचा, मोकळ्या जागेचा फोटो काढायचा, मगच नवा बसणार आणि अनुदान मिळणार. हे कलमही मीच लिहिलं होतं, जुनी यंत्रं दोनदा दाखवून कोणी फसवू नये म्हणून. काय हुशारी!

दादानं काचेवरची धूळ फडक्यानं पुसली. मोडीत जाणारी वस्तू कोण पुसतं? मग पाना लावून पहिला नट सैल केला. दुसऱ्या नटाला पाना लावला आणि मला राहवेना.

"दादा, थांब. थांब जरा. ती ओळ माझी आहे."

"कसली ओळ?"

मी सांगितलं. वसतिगृहाची फाईल, सोळावा दिवस, न वर केलेला हात, त्याचा फोन. सांगताना रडू येत होतं आणि रडायचीही लाज वाटत होती, कारण रडायचा हक्क त्याचा होता. "उद्या पुढच्या टप्प्याचा नवीन मसुदा सहीला जाणार आहे," मी म्हणाले. "ती ओळ त्यातही आहे. मी टिपणी देणार आहे, माझ्या नावानं, सगळं लिहून. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. तू मला हवं ते बोल, दादा. पण बोल."

तो पाना हातात तसाच धरून उकिडवा बसला.

"म्हणजे कोणी तपासलं नव्हतं?" त्यानं विचारलं.

"काय?"

"तांब्याचं. तपासून नापास केलं नव्हतं?"

"नाही रे. कोणी बघितलंसुद्धा नाही."

"मला वाटलं, तपासलं असणार." तो माझ्याकडे बघत नव्हता. "माणसं विचारायची, मालक, आपलं का नाही घेतलं? मी सांगायचो, माझी बहीण तिथं आहे. आपल्या मालात जरा जरी दम असता तर तिनं सोडलं नसतं. आपलंच काम कमी पडलं. सगळ्यांना हेच सांगितलं मी. तो साचा विकत मागत होता एक जण. मी म्हटलं, कशाला दुसऱ्याच्या गळ्यात वाईट वस्तू मारायची, म्हणून तोडून टाकला."

मी तिथंच कठड्याला टेकून बसले. शेड गेली, त्याचा हिशोब मी मनाशी हजारदा केला होता. हे मात्र माझ्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं.

दादानं पॅनेलमधून निघणाऱ्या नळीवर तळहात ठेवला आणि चटकन उचलला. ऊन अजून कोवळं होतं, तरी पाणी चांगलंच तापलं होतं.

"मग हा चांगला होता?" त्यानं विचारलं. अगदी लहान मुलानं विचारावं तसं.

"चांगला होता, दादा. अठरा वर्षांत एक थेंब गळला नाही."

"पुन्हा सांग."

"चांगला होता."

खालून ह्यांची हाक आली, "झालं का काढून? फोटो घ्यायला येऊ?"

दादानं सैल केलेला नट पुन्हा आवळला, पान्याला शेवटचा झटका दिला आणि गुडघ्यावर हात टेकत उठला.

"चपला घाल," तो म्हणाला. "मला सांगून भागायचं नाही. माझ्या माणसांची दहा घरं आहेत. आजच जायचं, आणि प्रत्येक दारात हे तूच सांगायचं."