सुजाताने न लिहिलेली ओळ

आम्ही नऊ खंड आहोत, पण जीव एकच, म्हणून मी स्वतःला ‘मी’ म्हणतो. मित्रांनो, पावणेदोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. जुन्या चर्चविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका सुधारणावादी ख्रिस्ती धर्मपंडिताचे सगळे लेखन माझ्या पोटात आहे. वासराच्या कातड्याची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरे. एका मिशनरी डॉक्टरांच्या पेटीतून मी हैदराबादला आलो. मायदेशी परतताना त्यांनी मला इथल्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, दिले. त्या पाळकांचे नातू म्हणजे माझे लक्ष्मणराव.

तेही पाळकच झाले. बरकतपुऱ्यातल्या घरात त्यांनी मला इतके वाचले, की माझ्या पानांचे कोपरे मऊ पडले. पुढे काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, तेव्हा त्यांची मुलगी सुजाता मला वाचू लागली. ती कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. संध्याकाळी चहा झाला की ती माझे एकेक वाक्य इंग्रजीत मोठ्याने वाचायची, लक्ष्मणराव ते मराठीत सांगायचे आणि ती लिहून घ्यायची. मंडळीतल्या साध्या माणसांनाही मी वाचता यावा, ही त्यांची आस होती. सुजाताचे सारे शिक्षण इंग्रजीत झालेले. मराठी जोडाक्षरे तिला फार छळायची.

“पप्पा, हे वाक्य खतमच होत नाही. दम घ्यायला तरी जागा ठेवायची ना यानं!”

“तू घे दम. तो कुठं जात नाही.”

स्वयंपाकघरात तिची आई, इंदुताई, हसायच्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ तोच.

मग पाचवा खंड आला. देवाच्या इच्छेवाचून पानही हलत नाही, आईच्या मांडीवरून लेकरू गेले तरी त्यामागे त्याचाच शहाणा हेतू असतो, असे त्यात लिहिले आहे. सुजाताने ते वाचले आणि पेन खाली ठेवले.

“दवाखान्यात रडणाऱ्या बाईला तुम्ही हे सांगाल, पप्पा?”

“सांगितलंय. कितीदा तरी.”

“मग ती काय म्हणाली?”

लक्ष्मणराव जरा चिडूनच म्हणाले, “तू लिही. पटायचं ते मागून पटेल.”

“नक्को. आधी पटवा, मग लिहिते.”

तिने वहीत तेवढी जागा कोरी सोडली आणि मला मिटले.

त्याच आठवड्यात तिला ताप भरला. डेंग्यू निघाला. इंदुताई तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. परतल्या त्या एकट्याच.

घर माणसांनी भरले. जो तो लक्ष्मणरावांचा हात धरून म्हणे, “देवाची इच्छा, पाळकसाहेब.” हे शब्द त्यांनीच साऱ्यांना शिकवले होते. ते प्रत्येकासमोर नुसती मान हलवत राहिले. शेवटी मंडळीतल्या मालनबाई येऊन जवळ बसल्या. त्या काहीच बोलेनात. लक्ष्मणरावांनी त्यांना खोकल्यावरून ओळखले.

“मालनबाई, तुमचा बबलू गेला तेव्हा मी आलो होतो. काय बोललो होतो हो मी?”

“फार चांगलं बोलला होता.”

“पटलं होतं तुम्हाला?”

मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. “नाही, पाळकसाहेब. पण तुम्ही आला होता ना.”

सगळे पांगल्यावर ते इंदुताईंना म्हणाले, “पोरीनं विचारलं होतं, इंदू. मी तिला गप्प केलं.” त्यानंतर त्यांनी मला कधी हातात घेतले नाही. इंदुताईंना इंग्रजी येत नव्हते. मी कपाटात तसाच पडून राहिलो, पानांना कसर लागली. अखेर एका धर्मशिक्षणाच्या संस्थेतून माणसे मला न्यायला आली. लक्ष्मणरावांनी नऊही खंडांवरून हात फिरवला. पाचव्यावर तो थांबला.

“तिथं कुणी मोठ्यानं वाचेल ना याला?” त्यांनी विचारले.

“नक्की वाचतील,” त्यांच्यातले ग्रंथपाल म्हणाले.

मित्रांनो, इथे माझी निगा उत्तम आहे. कसर झटकली, बांधणी नवी केली, मला काचेच्या कपाटात ठेवले. पाहुणे येतात, वाहवा करतात, फोटो काढतात. समोरच्या भिंतीवर मोठी पाटी आहे : शांतता राखा. सारे ती पाळतात.

जुन्या ग्रंथांची धूळ जरूर पुसा. पण तेवढ्यावर थांबू नका. कुणाला तरी जवळ बसवून मोठ्याने वाचा. न पटले तर भांडा, आणि कुणी तुमच्याशी भांडले तर त्याला गप्प करू नका. घरात वाचणारे माणूस आहे, तोवर त्याच्याकडून वाचून घ्या.