बंद पाकिटातली पूड

लाकडी फर्निचरचं पॉलिश बनवणारा कारखानदार गेले तीन महिने भलत्याच रुबाबात होता, कारण त्याने सख्ख्या मेहुण्यावर दावा ठोकला होता. कारखाना म्हणजे घरामागच्या दोन खोल्या. पण वकिलाने कागदांत त्यांना 'उत्पादन केंद्र' म्हटलं, तेव्हापासून स्वारी तिथे चपला काढून शिरायला लागली.

मेहुणा सहा वर्षं त्याच्या हाताखाली होता. इथली गुप्त पूड बाहेर कुठे वापरणार नाही, असा करार त्याने सही करून दिला होता. तरी नोकरी सोडून चार महिने होतात न होतात तोच पलीकडच्या रस्त्यावर त्याने तीच पूड घातलेलं पॉलिश विकायला काढलं. पूड म्हणजे कारखानदाराचा जीव की प्राण. आतून कडी लावून तो ती एकटा कुटायचा, पुड्या बांधून बायकोच्या हाती द्यायचा. पॉलिश उकळायची कढई बायकोची. त्याने कढईपाशी लुडबुडायचं नाही, तिने पुडीत नाक खुपसायचं नाही, असा बावीस वर्षांचा शिरस्ता होता. मेहुण्याने मात्र खिडकीच्या फटीतून पुडीतलं सगळं टिपलं होतं.

न्यायाधीशांनी हुकूम सोडला की पूर्ण कृती बंद पाकिटात सोमवारी हजर करा. कारखानदाराने आपला भाग ऐटीत लिहिला आणि उरलेला विचारायला तो बायकोकडे गेला. ती कढई घासत होती. तो खुशीत होता, कारण मेहुण्याच्या पॉलिशने लोकांच्या टेबलांवर पांढरे डाग पडून डबे परत येत होते.

"पूड चोरली, पण हातगुण कुठून आणणार?" तो म्हणाला. "सांग, पूड उकळीआधी टाकतेस की नंतर?"

"खरं लिहायचंय का?"

"कोर्टात जायचंय ते."

"मग टाकत नाही असं लिहा. पहिल्या वर्षी दोनदा टाकली, दोन्हीदा पांढरे डाग पडले. तेव्हापासून मोरीत ओतते."

कारखानदार मटकन पिंपावर बसला. बावीस वर्षं त्याने मोरीसाठी पूड कुटली होती. त्याला रडू येईल असं वाटलं.

"बोलली का नाहीस?"

"कडी काढून बाहेर यायचात तेव्हा चेहरा असा फुललेला असायचा. जीभच रेटायची नाही."

तो पिंपावरून उठला. मग उसळून म्हणाला, "तरी दावा जिंकणारच. चोरी ती चोरीच."

"जिंका की. कोर्ट त्याला पूड घालायला बंदी करेल," बायको कढई पालथी घालत म्हणाली. "मग त्याचंही पॉलिश चांगलं होईल."

सोमवारी कारखानदाराने दावा मागे घेतला. कोर्टाच्या पायऱ्यांवर मेहुण्याचे डोळे भरून आले. "भाऊजी, एवढं मोठं मन कुणाचं नसतं."

कारखानदाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घरचाच आहेस. धंदा कर," तो मायेने म्हणाला. "फक्त पूड घालताना हात आखडता घेऊ नकोस."