हाकेला येणारी मगर

रूपचंदने कोंबडीचा पाय बांबूच्या टोकाला अडकवला आणि बांबू पाण्यावर धरला. होडीतल्या चौघांनी मोबाइल वर केले. बंधाऱ्यामुळे तापी इथे रुंद आणि सुस्त झाली होती. होडीचं डिझेल इंजिन धडधडत होतं, आणि त्या आवाजाच्या रोखाने पाण्यावर दोन डोळे सरळ येत होते.

“काका, अजून जवळ येऊ द्या ना,” धुळ्याहून आलेला नवीन नावाचा पाहुणा म्हणाला.

मगर होडीपाशी आली, तोंड उघडून थांबली. रूपचंदने पाय सोडला. जबडा मिटला तसे पाहुणे हसले, घाबरलेली माणसं हसतात तसे.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत रूपचंद नुसते मासे धरायचा. तेव्हा होडीची चाहूल लागताच ही मगर बुडी मारायची. जाळी फाडते म्हणून गावातली माणसं तिच्या मागावर होती. मग बघायला लोक येऊ लागले, वडेवाले बसले, आणि तिला मारायची भाषा बंद झाली. तिला आपणच वाचवलं, असं रूपचंद घरी सांगायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची सून दीपमाला घाटावर धुणं धूत होती. वरच्या अंगाला चिंधाने शेताला पाणी द्यायला पंपाचं इंजिन सुरू केलं. तेही तसंच डिझेलचं, तसंच धडधडणारं. दीपमालाने लुगडं पिळायला मान वर केली तेव्हा मगर तिच्यापासून तीन हातांवर होती. तोंड उघडून थांबलेली.

दीपमाला पायऱ्यांवर दोनदा पडली. गुडघे फोडून घेत वर आली. मगर तिच्या मागे गेली नाही. ती बराच वेळ तशीच थांबली, मग ओलं लुगडं जबड्यात धरून पाण्यात उतरली.

तासाभरात घाटावर सगळं गाव जमलं.

“फॉरेस्टवालासना पिंजरा येणार शे,” रूपचंद म्हणाला. “चार दिवस थांबा.”

“चार दिवस?” चिंधाचा आवाज चढला. “आज तुनी सून वाचनी. उद्या मनी पोर व्हई तं?”

चिंधा जवळ आला, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

“भाऊ, ती तुना इंजिनले येस. उद्या सकाळे तू बलाव. काठले लई ये. आम्ही कुऱ्हाडी लिसन उभा राहसूत.”

रूपचंदने सुनेच्या गुडघ्यांना बांधलेल्या फडक्यांकडे पाहिलं. त्याने होकाराची मान हलवली.

दुपारी गाव जेवायला बसलं तेव्हा तो एकटाच होडी घेऊन वरच्या वळणाकडे गेला. आज कोंबडी आणली नव्हती. त्याने इंजिन सुरू केलं. हँडल दोनदा निसटलं.

ती आली. होडीपाशी थांबली, तोंड उघडलं. रूपचंदने बांबू दोन्ही हातांनी उचलला आणि तिच्या नाकाडावर हाणला. पाणी उसळलं, होडी एका अंगाला कलली, घोट्यापर्यंत पाणी आत आलं. तो फळीला धरून बसून राहिला.

थोड्या वेळाने ती पुन्हा आली. तसंच तोंड उघडून. रूपचंदच्या तोंडून शिवी आली, मग रडू आलं. त्याने पुन्हा हाणलं. या वेळी शेपटीचा तडाखा होडीला बसला आणि एक फळी तडकली. तिसऱ्या वेळी डोळे लांबच थांबले. मग बुडाले. त्याने दिवस मावळेपर्यंत इंजिन चालू ठेवलं; ती आली नाही.

सकाळी काठावर पंधरा माणसं कुऱ्हाडी घेऊन झुडपांआड बसली होती. रूपचंदने इंजिन सुरू केलं, बांबूला कोंबडी बांधली, बांबू पाण्यावर धरला. ऊन चढलं. वरच्या अंगाला पाण्याचा एक भोवरा उठला आणि विरला. तो मगरीचा होता की माशाचा, ते रूपचंदलाही कळलं नाही.

“गई वाटस,” चिंधा उठत म्हणाला. माणसं एकेक करून पांगली. होडीची फळी कशाने तडकली, ते कोणी विचारलं नाही.

रूपचंद घरी आला. दीपमाला अंगणात धुण्याची बादली घेऊन उभी होती.

“आबा, गई ना ती? घाटवर जाऊ का?”

तो तिच्याकडे पाहत राहिला. हो म्हणायला त्याने तोंड उघडलं. मग तिच्या हातातून बादली घेतली आणि एकटाच घाटाच्या पायऱ्या उतरू लागला. प्रत्येक पायरीवर थांबत.