आधी माझा हात

बेटेगावजवळच्या पाड्यावर मी आशा सेविका म्हणून काम करते, आणि माझं डोकं लवकर तापतं. त्या दुपारी तर कारणही होतं. बुधीमावशीची सून लाडकी आठव्या महिन्यात होती. तोंड सुजलेलं, डोकं धरून भिंतीला टेकलेली. आणि मावशी मला तिचा रक्तदाब मोजू देत नव्हती.

"पट्टा लावशील त बघ," मावशी म्हणाली. "दाबते ती मशीन. गोमाच्या बायकोला लावली न् लगेच दाब वाढला. पोट फाडला तिचा."

मशीनमुळे दाब वाढत नाही, हे सांगून माझा घसा बसला होता. शेवटी संस्थेनं दिलेला टॅब काढला आणि बाळंतपणातल्या धोक्यांचा व्हिडिओ लावला. चार बाया ओट्यावर जमल्या, पण त्यातल्या डॉक्टरीणबाईंचं पुस्तकी मराठी ऐकून जांभया द्यायला लागल्या. तो संपला आणि शाळेच्या मुलांसाठी भरलेला पुढचा आपोआप सुरू झाला. समुद्राच्या तळाशी फुटलेला ज्वालामुखी.

मी बंद करायला गेले, तर मावशीनं माझं मनगट धरलं. "राहू दे."

काळ्या पाण्यात लालबुंद रस उसळत होता आणि थंड होऊन त्याचे काळे गोळे बनत होते. जांभया थांबल्या.

"पान्यात इस्तव? इझत कसा नाय?" मावशीनं विचारलं.

"वरून विझतो. आत पेटलेलाच असतो."

"वर होडीवाल्याला दिसतो?"

"नाही गं. फार खोल आहे. वर पाणी नेहमीसारखंच."

"मंग यांना कसा कळला?"

तेवढ्यात तळाशी ठेवलेली यंत्रं पडद्यावर आली. "ही बघ. फुटायच्या आधी तळ फुगतो, हादरे बसतात. ते यांना कळतं."

मावशीनं डोळे बारीक केले. "यंत्र ठेवला म्हनून त नाय ना फुटला?"

मला एकदम हसू आलं, आणि आवडलंही. म्हातारी वाद घालत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "नाही, मावशी. यंत्र नसतं तिथेही फुटतात. यंत्र नुसतं सांगतं."

"तू बोलशील न् मी मानू?" तिनं बाही वर सारली. "आधी माझा हात. मशीन दाब घालत असंल, त माझ्यात पन घालंल."

मी पट्टा लावला. एकशे वीस. "परत लाव." तेवढाच. "आता हा हात." तिथेही तेवढाच. बाया खिदळत होत्या, मावशी मात्र विचारात पडली होती.

"माझ्यात नाय घातला," ती स्वतःशीच म्हणाली. "लाडके, ये इकडं."

लाडकीच्या हाताला पट्टा लावला. एकशे सत्तर. थोडं थांबून पुन्हा मोजला, तरी तोच. "मावशी, हिला पालघरला न्यायचं. आत्ताच्या आत्ता."

"बघ, लावली न् वाढला," ओट्यावरून कुणीतरी पुटपुटलं.

"मला तीनदा लावली, माझा वाढला का?" मावशी तिच्यावर खेकसली. "हिचा आधीचाच हाय!"

मी एकशे आठला फोन केला. गाडी आली, निघाली, आणि बोईसरला ट्रकांच्या रांगेत अडकली. लाडकीचं डोकं मांडीवर घेऊन मावशी बसली होती.

"चार दिस सांगत व्हती, डोका दुखतो. मीच बोलली, पोटुशीला व्हतोच." तिनं माझ्याकडे बघितलं. "भावना, अजून येळ हाय ना?"

चार दिवस! तिला फाडून खावं असं वाटलं मला. पण ती पदरानं लाडकीचं कपाळ पुन्हा पुन्हा पुसत होती.

"आहे, मावशी," मी म्हणाले, आणि ते खरं ठरावं म्हणून मनातल्या मनात हात जोडले.

खरं ठरलं. पालघरला दुसऱ्या दिवशी मुलगी झाली, चिमुकली, पण रडली जोरात. नर्सनं तिला दुपट्यात गुंडाळून मावशीपुढे धरलं. मावशीनं हात पुढे केले, मग मागे घेतले.

"आधी हिच्या आईचा सांग," ती नर्सला म्हणाली. "आता दाब किती हाय?"