पोरींना तोंडपाठ झालेला तक्ता

‘काम झालं की हा गुंडाळून कपाटात ठेवा. भिंतीवर मुळीच राहू देऊ नका. पोरी पाठ करतील.’ डॉक्टर महादेवरावांनी पहिल्याच दिवशी असं बजावलं होतं. बजावलं होतं ते शाळेतल्या बाईंना, पण मीही तिथंच होतो, आणि मला ते ऐकून हसू आलं होतं. कपाटात राहायला का कोणी जन्माला येतं, असं मला तेव्हा वाटलं. मित्रांनो, मी डोळे तपासायचा तक्ता आहे. आता म्हातारा झालो आहे. माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत, खालचा रूळ एका बाजूनं चिरला आहे, आणि त्या दिवशीच्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

माझा जन्म सीताबर्डीवरच्या एका लहानशा शिळाछापखान्यात झाला. साल एकोणीसशे एकतीस. महादेवरावांना असा तक्ता हवा होता, की ज्यात डावीकडे इंग्रजी अक्षरं असतील आणि उजवीकडे मराठी. वर एकेकच, हातभर लांबून आंधळ्यालाही कळेल एवढं मोठं अक्षर. मग ओळीओळीनं लहान होत गेलेली. छापखान्यात नानाजी नावाचे वयस्क कारागीर होते. ते दगडावर सगळी अक्षरं उलटी काढत, म्हणजे कागदावर ती सुलटी उमटत. मला काढायला त्यांना चार दिवस लागले. मग त्यांनी मला मांजरपाटावर चिकटवलं. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातलं होतं. त्याचा वास पहिला उन्हाळाभर माझ्या अंगाला होता.

सगळं झाल्यावर तळाशी बोटभर जागा उरली. नानाजी म्हणाले, “जागा रिकामी काहून ठेवायची?” त्यांच्या घरी नुकतीच डोळ्यांची साथ येऊन गेली होती. त्यांनी शेवटच्या ओळीएवढ्याच बारीक अक्षरांत एक वाक्य घालून टाकलं: ‘मळक्या पदराने डोळे पुसू नयेत.’ डॉक्टर ते पाहून हसले आणि म्हणाले, राहू द्या. पुढं त्या वाक्याकडं कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मीही नाही. पण तुम्ही ते लक्षात ठेवा.

मी ज्या मुलींच्या शाळेत आलो तिथं पाचवीपासून इंग्रजी सुरू होई. इंग्रजी शिकवायला अरुंधतीबाई होत्या. नुकत्याच कॉलेजातून पदवी घेऊन आलेल्या, बोलताना पदर सारखा खांद्यावर ओढणाऱ्या, आणि एकाही मुलीला मागं राहू द्यायचं नाही असं ठरवून आलेल्या. शनिवारी आरोग्याचा तासही त्याच घेत. नखं कापली का, पाणी उकळून पिता का, डास कुठं होतात, असं सगळं. शाळेत फळा होता, खडू होते, पण इंग्रजी अक्षरांचा एकही तक्ता नव्हता. मग बाईंची नजर माझ्यावर पडली.

“डॉक्टर म्हणतात गुंडाळून ठेवा,” त्या शाळेच्या शिपायाला, रामाजीला म्हणाल्या. “पण एवढी सुंदर अक्षरं कपाटात कशाला कोंडायची? पोरींच्या डोळ्यांसमोर राहिली तर आपोआप येतील.”

“ठोकू खिळा?” रामाजी म्हणाला.

“ठोका.”

त्या खिळ्यावर मी किती खूश होतो म्हणून सांगू. रोज सकाळी बाई छडीचं टोक एकेका अक्षरावर ठेवत आणि चाळीस मुली एका सुरात म्हणत, ‘ई. एल, बी. टी, झेड, डी. पी, एफ, ओ, सी.’ पाढे म्हणतात तशा डुलत म्हणायच्या. शाळा तपासायला आलेल्या मोठ्या बाईंनी शेरा लिहिला, की पाचवीची अक्षरओळख वाखाणण्याजोगी आहे. मला वाटलं, हे माझंच कौतुक. महिन्याभरात पोरी माझ्याकडं न बघताही मला म्हणून दाखवू लागल्या, आणि मित्रांनो, मला त्याचाही अभिमानच वाटला.

त्याच वर्गात देवकी होती. काटोलकडच्या एका खेड्यातली, अकरा वर्षांची. शहरातल्या महाल भागात आत्याकडं राहून शिकत होती. उंच होती म्हणून शेवटच्या बाकावर बसायची. तिचा आवाज सगळ्यांत खणखणीत, आणि पाठांतर असं, की एकदा ऐकलेलं विसरायची नाही. पण फळ्यावरचं उतरवायचं झालं, की ती शेजारणीच्या वहीत बघून लिहायची. दुपारनंतर कपाळ दाबून बसायची. लंगडी खेळताना एकदा भलत्याच मुलीच्या मागं धावली, तेव्हा सगळ्या हसल्या, तीही हसली. भिंतीवर बसून मी हे सारं रोज पाहत होतो. आई दाराआडून लेकराकडं बघते ना, तसं. पण बघणं वेगळं आणि समजणं वेगळं. मला काहीच समजलं नाही.

श्रावणात डोळे तपासायचा दिवस आला. महादेवराव तापानं आजारी होते, म्हणून त्यांचा कंपाउंडर आला. मी आधीच भिंतीवर टांगलेला पाहून त्याला बरंच वाटलं. टांगायचे कष्ट वाचले. त्यानं वीस फुटांवर चुन्याची रेघ मारली आणि एकेकीला उभं केलं. एक डोळा हातानं झाकायचा आणि वाचायचं. एका सकाळी दीडशे पोरी उरकायच्या होत्या. देवकी रेघेवर उभी राहिली, मान किंचित खाली, आणि सुरू झाली: ‘ई. एल, बी. टी, झेड, डी...’ कुठंही अडखळली नाही. कंपाउंडरनं तिच्या कार्डावर लिहिलं, ‘दोन्ही डोळे उत्तम.’

त्या कार्डावर सही त्याची होती, पण साक्ष माझी होती.

सहामाहीत देवकी गणितात आणि इंग्रजी लेखनात नापास झाली. फळ्यावर लिहिलेले प्रश्न तिनं चुकीचे उतरवले होते. दिवाळीच्या सुट्टीत ती गावी गेली आणि सुट्टी संपल्यावर तिचे वडील, चंपतराव, तिच्यासोबतच शाळेत आले. अंगात नवा सदरा, हातात पागोटं, आणि मनाशी पक्कं ठरवलेलं.

“बाई, पोरीचं नाव काढून द्या जी,” ते वर्गाच्या दाराशी उभं राहून म्हणाले. “तिचं डोकं लयच दुखून राहिलं. आमच्याकडे म्हणतात, इंग्रजीचा ताण येते डोक्यावर. पोरीच्या जातीले तं झेपतच नाही.”

“तसं काही नसतं हो,” अरुंधतीबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. “हुशार आहे ती. लिहिताना चुकते, पण तिच्यासारखी स्मरणशक्ती...”

“डोळ्याचं काही असंन म्हणून मीच इचारणार होतो. पण तुमच्याच डॉक्टरनं लिहून देल्लं ना, डोळे चांगले आहेत म्हणून?” त्यांनी खिशातून ते कार्ड काढलं. “मंग डोळ्याचं नाही तं शिक्षणाचंच आहे. मीबी काही पोरीचा दुश्मन नाही, बाई.”

ते कार्डच बाईंच्या विरोधात बोलत होतं. देवकी शेवटच्या बाकाशी दप्तर छातीशी धरून उभी होती. तिला शाळा सोडायची नव्हती हे तिच्या बोटांकडं पाहून कोणालाही कळलं असतं. दप्तराचा बंद ती पिळून पिळून घट्ट करत होती.

आता इथं रामाजीचं सांगायला हवं. सुट्टीत वर्गाला चुना दिला होता. चुन्याचे थेंब माझ्या अक्षरांवर पडू नयेत म्हणून रामाजीनं काळजीनं मला उलटा फिरवून टांगलं, तोंड भिंतीकडं आणि मागचा मांजरपाट वर्गाकडं. रंगारी गेले, मुख्याध्यापिकांनी त्याला बाकं उचलायला बोलावलं, आणि मला परत फिरवायचं तो साफ विसरला. त्या सकाळी मला असा पाठमोरा पाहून मुली एकमेकींना कोपरं मारून हसत होत्या, आणि मी ते सारं मांजरपाटाच्या विणीतून पाहत होतो. बाईंचं मात्र तोंड दाराकडं होतं.

“थांबा,” त्या चंपतरावांना म्हणाल्या. “मी सांगून काय उपयोग, तुम्हीच ऐका. देवकी, तक्ता वाचून दाखव बाबांना.”

देवकीनं दप्तर खाली ठेवलं. सरळ उभी राहिली, माझ्याकडं तोंड केलं, आणि म्हणू लागली. ‘ई. एल, बी. टी, झेड, डी. पी, एफ, ओ, सी.’ शेवटच्या ओळीपर्यंत, एकही चूक नाही. पहिल्या बाकावरचं हसू हळूहळू थांबलं. ती म्हणून संपली तेव्हा वर्गात कोणीच हसत नव्हतं.

“पाहिलंत?” बाई चंपतरावांना म्हणाल्या.

चंपतराव माझ्याकडं बघत होते. मग पोरीकडं. मग पुन्हा माझ्याकडं.

“बाई, मले काही इंग्रजी येत नाही,” ते सावकाश म्हणाले. “पण त्या फडक्यावर तं काहीच लिहेल नाही.”

अरुंधतीबाई वळल्या. कोरा मांजरपाट, वर दोन पिवळे डाग. त्यांनी एक हात टेबलावर टेकला. मग त्या चालत देवकीपाशी गेल्या.

“देवकी, भिंतीवर तुला काय दिसतं?”

“पांढरं दिसते, बाई.”

“आणि श्रावणात काय दिसत होतं?”

“तेव्हाबी पांढरंच. मधे कायतरी काळं काळं.”

“मग सांगितलं का नाहीस गं?”

देवकी गोंधळली. “दिसते तेच म्हणा लागते का? मले वाटलं, पाठ म्हणा लागते. सगळ्याच पोरी तं पाठ म्हणतात.”

ती खोटं बोलली नव्हती, मित्रांनो. सगळ्यांना आपल्यासारखंच दिसतं, असं तिला वाटत होतं. दुसऱ्याच्या डोळ्यांनी तिनं कधी पाहिलंच कुठं होतं? खोटं कोणी बोललं असेल तर ते मी. रोज भिंतीवर मिरवून, रोज तिच्याकडून घोकून घेऊन.

“चूक माझी आहे,” बाई चंपतरावांना म्हणाल्या. त्यांनी मान खाली घातली नाही. “डॉक्टरांनी बजावलं होतं. मी ऐकलं नाही. मला आठ दिवस द्या. डोळे नीट तपासून होईतो नाव काढू नका.”

“म्हंजे चष्मा?” चंपतरावांनी पागोटं या हातातून त्या हातात घेतलं. “चष्मेवाल्या पोरीले करून कोण घेईन, बाई? लोक बुढी म्हणतीन.”

एव्हाना रामाजी आपली चूक आठवून धावत आला होता. दाराशी सगळं ऐकून तो म्हणाला, “काहून गा पाटील, तुमचा बैल खड्ड्यात गेला तं तुम्ही रस्त्याले शिव्या देता, का बैलाचे डोळे पाहता?”

“माही पोरगी बैल आहे का गा?”

“बैल असती तं तुम्ही कधीच डोळे पाहिले असते.”

चंपतराव त्याच्याकडं रागानं बघत राहिले. मग त्यांच्या मिशा हलल्या. “लयच बोलून राहिला गा तू,” ते म्हणाले, आणि दाराजवळच्या बाकावर बसले. “बोलवा डॉक्टरले.”

महादेवराव दुसऱ्याच दिवशी आले. मला त्यांनी हातही लावला नाही. कोऱ्या कागदावर शाईनं त्यांनी स्वतः वेगळीच अक्षरं काढली, आणि देवकीला त्यातलं सर्वांत मोठंही दिसलं नाही. बाईंना ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, “आता उरलेल्या एकशे एकोणपन्नास जणींना पुन्हा उभं करू.” बाई म्हणाल्या, “आजच.” त्यात आणखी तिघी सापडल्या.

चष्मा सदर बाजारातल्या दुकानातून आला. चंपतराव तोवर बहिणीकडं मुक्काम ठोकून होते. चष्म्याच्या काड्या जरा मोठ्या होत्या, म्हणून आत्यानं मागून दोरी बांधून दिली होती. देवकी वर्गात आली तेव्हा मी सुलटा टांगलेला होतो. बाईंनी तिला रेघेवर उभं केलं. चंपतराव दाराशी उभे होते.

“वाच.”

देवकी वाचेना. ती नुसती बघत होती. बाईंचा श्वास अडकला, माझाही अडकला असता, मला असता तर. मग तिनं मान पुढं काढली आणि मला पाठ म्हणायच्या ऐवजी, कोणी तिला कधीच न शिकवलेलं, कोणी कधीच न म्हटलेलं, अगदी तळाचं वाचलं. एकेक शब्द, थांबत थांबत.

“म-ळ-क्या... पदराने... डोळे... पुसू नयेत.”

अरुंधतीबाई पदरानं डोळे टिपायच्या बेतात होत्या. त्यांनी हात मधेच थांबवला. वर्ग हसला, देवकी हसली, आणि दाराशी चंपतराव एवढंच म्हणाले, “आता हे पाठ नव्हतं, एवढं मलेबी समजलं.” संध्याकाळच्या गाडीनं ते एकटेच गावी गेले.

त्याच दिवशी बाईंनी मला खिळ्यावरून उतरवलं, स्वतःच्या हातानं पुसलं, गुंडाळलं, आणि पत्र्याच्या नळीत घालून कपाटात ठेवलं. तेव्हापासून मी वर्षातून एकदाच उजेडात येतो. पहिली दोन वर्षं मला फार एकटं वाटलं. खिळ्याच्या जागी आता दुसराच अक्षरांचा तक्ता लागला होता, आणि त्याला सगळ्या पोरी एका सुरात म्हणायच्या. मग मला उमगलं, की माझ्या कामात अनोळखी राहणंच मोलाचं आहे. मॅट्रिकला जाईतो दर वर्षी तपासणीच्या दिवशी देवकीच माझ्याशेजारी उभी असायची, हातात पुठ्ठा घेऊन. ती वाटेल ते अक्षर झाकायची, वाटेल ते उघडायची. एखादी घाईघाईनं म्हणू लागली की म्हणायची, “हळू वं. दिसते तेच सांग. नाही दिसलं तं नाही म्हण, इथं कोणी मारत नाही.”

मित्रांनो, अशी मुलं आपण होऊन सांगायला येत नाहीत. आपल्याला कमी दिसतं हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नसतं. तुमच्या वर्गात कोणी शेजारच्या वहीतून फळा उतरवत असेल, दुपारी कपाळ दाबत असेल, खेळताना भलत्याच गड्याच्या मागं धावत असेल, तर त्याला हसू नका. तुमच्या घरातलं धाकटं भावंडही आठवून बघा. त्याला जवळ बोलावू नका, लांबच उभं करा, आणि त्यानं कधी न वाचलेलं काहीतरी समोर धरून शांतपणे विचारा, ‘सांग, तुला काय दिसतं?’

हे उद्यावर टाकू नका. आज घरी गेलात, की आधी तेवढं बघा.