जिकडे डोळा, तिकडे खांदा

"किसके लिए चाहिए मॅडम? भाई के लिए?"

"माँ के लिए."

इद्रीसभाईंनी हातातला फडका काउंटरवर ठेवला. हैदराबादचा माणूस, शारजात वीस वर्षं बंदुका विकतोय, पण हे उत्तर त्यांना नवीन असावं. "अम्मी के लिए? रायफल?"

"हां. एअर रायफल. छर्‍यावाली."

शारजाच्या बाहेर, जिथे बिल्डिंगा संपून वाळू सुरू होते, तिथे हा नेमबाजीचा क्लब होता आणि क्लबातच हे दुकान. इथून रायफल विकत घ्यायची, पण घरी न्यायची नाही. ती क्लबाच्या कपाटात मालकाच्या नावाची पट्टी लावून राहते. शुक्रवारी यायचं, चालवायची, पुसून परत ठेवायची. मला ही व्यवस्था फार आवडली होती. एकतर अल मजाजमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये इस्त्रीचं टेबल ठेवायला जागा नाही. आणि दुसरं म्हणजे माझ्या आईच्या नावाची पट्टी या देशात आजवर कशावरच लागली नव्हती. घराचा करार, गाडी, बँक, सगळं बाबांच्या नावावर. तिच्या पासपोर्टातल्या व्हिसावर शिक्का होता, गृहिणी, नोकरीस परवानगी नाही.

मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका पॅकेजिंग फॅक्टरीत खरेदी विभागात काम करायचे. खिळ्यांचं खोकं घ्यायचं तरी तीन कोटेशन्स मागवणारी मी, इथेही तयारी करून आले होते. तीन आठवडे लंच टाइमला इंटरनेटवर वजन, वेग, लाकूड, चाप, सगळं वाचून काढलं होतं. मी फटाफट प्रश्न विचारले, त्यांनी फटाफट उत्तरं दिली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"अम्मी का हाथ कैसा है? सीधा ना?"

"सीधाच! मतलब, हां, सीधा," मी म्हटलं. उजवाच असणार, हा काय प्रश्न झाला?

"एक बार अम्मी को लेके आते तो अच्छा होता. पकड़ के देख लेते."

"सरप्राइज है भाई."

शेवटी मी सगळ्यात देखणी रायफल निवडली. अक्रोडाचा दस्ता, आणि गाल टेकायला उजव्या गालाच्या मापाचा गुळगुळीत उंचवटा. इद्रीसभाई म्हणाले, "जैसी आपकी मर्जी, इन्शाल्ला पसंद आएगी."

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते.

आमच्या घरात आईचा नेम हा चेष्टेचा विषय होता. आम्ही दुसर्‍या मजल्यावर राहायचो आणि खालचं दार बंद असलं की आई गॅलरीतून किल्ली टाकायची. ती किल्ली आजवर एकदाही खाली उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचली नाही. शेजार्‍याच्या गाडीवर पडली, एसीच्या पाण्यात पडली, एकदा तर वरच्या वैभवीच्या आईच्या डोक्यात. बाबा, म्हणजे सूर्यकांतराव, ही गोष्ट दर पार्टीत रंगवून सांगायचे. आणि त्यात आई कधीमधी म्हणायची, की कॉलेजात एनसीसीत होते, रायफल चालवायचे. मग काय, विचारूच नका. धाकटा अथर्व दोन्ही हात वर करून म्हणायचा, "डोंट शूट, मॉम!"

फेब्रुवारीत शॉपिंग फेस्टिव्हलला म्हणून पुण्याहून आईची मैत्रीण मंजुषामावशी आली. जेवताना ती सहज म्हणाली, "अनूची दिल्लीच्या कॅम्पला निवड झाली होती, माहितेय ना तुम्हाला? अख्ख्या कॉलेजात तिच्यासारखा नेम नव्हता कुणाचा."

बाबा मोठ्याने हसले. अथर्व हसला. आणि खोटं कशाला बोलू, मीही हसले.

"हसता काय?" मंजुषामावशी चिडली. "लग्न ठरलं म्हणून गेली नाही ती."

आई उठली आणि ताटं उचलायला लागली. अजून बाबांचं जेवण व्हायचं होतं, तरी त्यांचंही ताट उचललं. मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले, तर ती नळ सोडून नुसती उभी होती. पंचवीस वर्षं आम्ही या बाईला खोटारडी ठरवत आलो होतो, तेही हसत हसत. त्याच रात्री मी ठरवलं, की हिच्या हातात रायफल द्यायची. सगळ्यांच्या देखत. हिचं खरं ठरलं पाहिजे.

शुक्रवारी सकाळी मी तिघांना गाडीत घातलं. बाबांना वाटलं, कुठेतरी नाश्त्याला चाललोय. क्लबाची पाटी बघून अथर्व म्हणाला, "मॉम विथ अ गन? सीरियसली?"

आईने खोकं उघडलं आणि आधी किंमत विचारली.

"आई, गिफ्टची किंमत विचारतात का?"

"सांग गं."

"अकराशे दिरहम."

"म्हणजे चौदा हजार रुपये! वेड लागलंय का तुला?" असं ती म्हणाली खरी, पण तिची बोटं लाकडावरून फिरत होती. एकदा दस्त्याच्या त्या उंचवट्यापाशी थांबली. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मला वाटलं, भरून आलं असेल.

मग तिने रायफल उजव्या खांद्याला लावली. पाच छर्रे. दहा मीटरवर कागदाचं कार्ड. पाचातले दोन कार्डाला लागलेच नाहीत, उरलेले कडेला कुठेतरी.

"अनू, छर्रे मारलेस की किल्ली फेकलीस!" बाबा म्हणाले. अथर्व तर पोट धरून हसला.

आईने रायफल अलगद खाली ठेवली. "छान आहे हो मुग्धा. हलकी आहे. खूप आवडली." न नेसायच्या साडीचं ती ज्या आवाजात कौतुक करते ना, तोच आवाज. मला रडू यायचं बाकी होतं. ज्यासाठी हा सगळा घाट घातला, ते सगळं उलटंच होऊन बसलं होतं. आता जन्मभर ही गोष्ट सांगत सुटतील हे लोक.

मागे उभे असलेले इद्रीसभाई पुढे आले. "अम्माजी, एक बात पूछूँ? आप निशाना लेते तो सीधी आँख बंद हो रही आपकी. बार बार. आपकी आँख कौन सी है?"

"नहीं नहीं, ठीक है," आई म्हणाली.

"सच बोलो."

आईने आमच्याकडे पाहिलं. बाकावर उभं केलेल्या शाळेतल्या मुलीसारखा आवाज लागला तिचा. "बायीं."

"और हाथ?"

"वो भी."

"काय?" मी ओरडलेच. "आई, तू डावरी आहेस?"

"होते," ती म्हणाली. "लहानपणी माझी आजी जेवताना डावा हात पदराला बांधून ठेवायची. डाव्या हाताने वाढलं तर चिमटा. मग सुटलं ते. पण एनसीसीत आमचे सुभेदार होते, ते म्हणायचे, जिकडे डोळा, तिकडे खांदा. बाकी कोण काय म्हणतं ते मैदानाबाहेर. तिथे दोन वर्षं मी डावीच होते."

"मग आत्ता सांगायचंस ना!"

"तू इतक्या हौसेने आणलीस. गाल टेकायला कसं सुरेख केलंय त्यांनी. म्हटलं, लावू उजवीकडे, काय होतंय."

तीन कोटेशन्स मागवणारी मी! रायफलचा वेग मला पाठ होता आणि स्वतःच्या आईचा हात मला माहीत नव्हता. एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

डाव्या गालाची रायफल जर्मनीहून मागवायला सहा आठवडे लागणार होते. "खलास, छोड़ो, छे हफ्ते कौन रुकेगा," म्हणत इद्रीसभाईंनी आतून तीन साध्या रायफली आणल्या. दोन्ही बाजूंनी सारख्या. मी कोणती चांगली ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. आईने एकेक उचलली, डोळे मिटून डाव्या खांद्याला लावली आणि खांद्याला लागल्यावरच डोळे उघडले. पहिली परत दिली, दुसरीही परत. तिसरी दिसायला सगळ्यात दळभद्री. बीच झाडाचं साधं लाकूड, रंगसुद्धा धड नाही.

"ही," ती म्हणाली.

मग ती उभी राहिली. मी माझ्या आईला ओट्यापाशी, रांगेत, दारात, सगळीकडे उभं असलेलं पाहिलंय, पण असं नाही. पाय फाकलेले, डावं कोपर खाली, मान सरळ. साडीचा पदर खोचलेला. तिने श्वास घेतला, अर्धा सोडला आणि चाप ओढला. पाच वेळा, घाई न करता.

इद्रीसभाईंनी तारेवरचं कार्ड ओढून आणलं. एक भोक सातच्या वर्तुळात. बाकीची चार मध्यभागी, एकमेकांना खेटून. अंगठ्याने झाकली जातील अशी.

"तो पहिला," सातकडे बोट दाखवत आई म्हणाली. "हात बसला नव्हता."

"माशाल्ला," इद्रीसभाई म्हणाले.

अथर्वने कार्ड हातात घेतलं आणि उजेडाकडे धरलं. भोकं एकदा मोजली, पुन्हा मोजली. बाबांनी ते त्याच्याकडून घेतलं. मग म्हणाले, "अनू, इतका नेम आहे हे तू मला कधी बोलली नाहीस."

"बोलले होते की. बघायला आला होतात तेव्हाच." तिच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही म्हणालात, मग आता जपून राहायला हवं हिच्यापासून. सगळे हसले. मीही हसले."

बाबांनी मान खाली घातली. ते काहीतरी बोलणार होते, पण आईने तोवर नळी वाकवून पुढचा छर्रा भरला होता. ती आमच्याकडे बघतच नव्हती. नवीन कार्ड लागलं. पाच छर्रे. पुन्हा नवीन कार्ड. दोन तास होत आले, ऊन पत्र्यावर चढलं, अथर्वच्या पोटात कावळे कोकलायला लागले.

"यल्ला मॉम, आय अ‍ॅम स्टार्व्हिंग!"

"गप रे," बाबा त्याला म्हणाले. "तिचं होऊ दे."

मग आम्ही तिघं मागच्या बाकावर बसलो. बाबांनी आईची पर्स मांडीवर घेतली. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ताटकळत बसणारी माझी आई पुढे उभी होती, आणि आम्ही तिच्यासाठी थांबलो होतो. तिने डब्यातून एक छर्रा उचलला, बोटांत फिरवून नीट पाहिला, आणि सावकाश भरला.