पोशेऱ्याच्या झऱ्यातला तांबूस भुंगेरा

मी एक जाळी आहे. मासे धरायची नव्हे, पाणभुंगेरे धरायची. जव्हारच्या एका शिंप्याने लोखंडी कडीला मच्छरदाणीचं कापड शिवून मला घडवलं आणि प्राजक्ताने मला बांबूच्या काठीवर बसवलं. ती कॉलेजात शिकवते. या डोंगरांत पाणभुंगेऱ्यांची किती कुळं आहेत, कुठलं कुळ कुठल्या पाण्यात राहतं, हे ती सहा वर्षं टिपून ठेवतेय.

बुडायचं, वर यायचं, पुन्हा बुडायचं. माझा जन्म यातच गेला. भातखाचरात शेपटाशी हवेचा बुडबुडा घेऊन बुडी मारणारे सापडत. डोहावर गिरक्या घेणारे सापडत. कुजक्या पानांत काळे, संथ. आणि मोखाड्याकडे, पोशेऱ्याच्या झऱ्याखाली, ओल्या दगडावरच्या शेवाळात तिळाएवढा एक तांबूस. तो आम्हाला दुसरीकडे कुठेच भेटला नाही.

तिथली वाट दाखवायला कमूमावशी यायची. रोजंदारी करणारी, साठीची बाई.

उन्हाळ्यात झऱ्याची धार बारीक होई आणि बायकांना पार खालच्या नदीवरून पाणी आणावं लागे, म्हणून गेल्या उन्हाळ्यात झऱ्यावर सिमेंटची टाकी बांधायचं ठरलं. सगळं पाणी टाकीत गेलं तर खालचा दगड सुकणार, म्हणून प्राजक्ताने हरकतीचा अर्ज लिहिला. ग्रामसभेला निघालो, तेव्हा मी तिच्या खांद्यावर होते. चढावर मावशीची सून सुकी भेटली. सातवा महिना, डोक्यावर दोन हंडे. ती बोलायला थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा चालणं जमलं नसतं.

सभेत अर्ज पिशवीतच राहिला.

"बोलली का नाहीस, बाय?" बाहेर आल्यावर मावशीने विचारलं.

"काय बोलू, मावशी? किड्यासाठी सुकीला चालत ठेवू?"

मावशी म्हणाली, "त्याला पानी किती लागतं?"

"दगड ओला राहिला तरी पुरे."

बांधकामाच्या दिवशी मावशीने टाकीच्या बुडाशी एक बारीक नळी सोडायला लावली. गवंडी म्हणाला, "पाणी वाया जाईल."

"जाऊ दे. माझ्या वाट्याचं समज."

यंदा आम्ही परत गेलो. दगड ओला होता, शेवाळही होतं. मला खाली धरून प्राजक्ताने ते तीनदा धुतलं. तो नव्हता. वर टाकीवर सुकी पाणी भरत होती, पाठीला बांधलेली मुलगी झोपली होती. प्राजक्ताने वहीत 'नाही' लिहिलं आणि तिथेच बसून राहिली.

आता माझं कापड विरलंय, कडी गंजलीय. प्राजक्ताने मला मावशीच्या पडवीत ठेवलंय. नळीच्या तोंडाशी पानं अडकली की मावशी माझ्या काठीने ती काढते.

मला पुन्हा शिवू नका, मी थकलेय. तेवढी नळी मात्र कुणी बुजवू नका.